कॅराव्हॅनची पायरी आधी मोजा

सुदामानगर, इंदूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग असा :

"आम्ही सात जणं. मी, हे, १२ आणि ७ वर्षांची दोन मुलं, सासू-सासरे आणि पुण्याला असणारे धाकटे दीर. सासरे ७८ वर्षांचे. सारं आयुष्य बँकेत गेलं, जंगल कधी पाहिलं नाही. दोन वर्षांपासून म्हणताहेत की एकदा बारासिंगा पाहायचाय. त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यामुळे प्रवासात ते पाणीच पीत नाहीत. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. दिरांनी कॅराव्हॅन भाड्यानं घ्यायचं ठरवलंय. सात सीटा, चार बर्थ, आत टॉयलेट आणि छोटं किचन. नाताळच्या सुट्टीत सहा दिवसांत कान्हा, बांधवगड आणि पेंच, तिन्ही उरकायचं म्हणतात. 'वहिनी, आत किचनच आहे, बाहेरच्या खाण्याचा प्रश्नच मिटला,' हे त्यांचं वाक्य ऐकल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय. पण घरात सगळे इतके खूश आहेत की नाही म्हणायला तोंड उघडत नाही. मी काय करू?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. सासरे प्रवासात पाणी पीत नाहीत. अशी माणसं मी घरात आणि घराबाहेर खूप पाहिली आहेत. निघताना अर्धा कप चहा घेतात आणि मग 'मला तहान नाही' म्हणत दुपारपर्यंत कोरड्या ओठांनी बसून राहतात, कारण सारखी गाडी थांबवायला सांगायची त्यांना लाज वाटते. ७८व्या वर्षी दहा तास असं बसणं चांगलं नाही. गाडीतच टॉयलेट असेल तर ते मोकळेपणानं पाणी पितील. एवढ्या एका कारणासाठी कॅराव्हॅनला माझा होकार आहे. बेत मोडू नका, फक्त त्याची मांडणी बदला. आणि ती बदलायला आत्ताच बसा, कारण अनंत चतुर्दशीच्या झांक्या होऊन गेल्या, आता पावसाळ्यात बंद असलेलं जंगल उघडायला फार दिवस नाहीत.

आधी दिरांचा सहा दिवसांचा हिशेब पाहू. इंदूरहून भोपाळ, जबलपूर, मंडला असं करत कान्ह्याच्या खटिया गेटपर्यंत पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. जाऊन-येऊन साडेतेराशे. कॅराव्हॅन ही कार नव्हे. डोक्यावर एसी, पोटात पाण्याची टाकी आणि आत फर्निचर घेऊन ती चालते. चहापाणी, टोल, गावांतली गर्दी धरून तासाला पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर पडले तरी पुष्कळ. म्हणजे नुसतं कान्ह्याला जायला-यायलाच तीस तास. त्यात बांधवगड उत्तरेला उमरियाकडे आणि पेंच उलट दिशेला सिवनीकडे. या तिन्हींचा त्रिकोण सहा दिवसांत पुरा केलात तर मुलांना जंगलापेक्षा टोलनाके जास्त आठवतील. एकच जंगल निवडा. सासऱ्यांना बारासिंगा पाहायचाय ना, मग ते कान्हाच. दुसरीकडे कुठे जायची गरजच नाही.

का ते सांगते, म्हणजे दिरांना पटवताना हाताशी असेल. कडक जमिनीवर राहणारा जो बारासिंगा आहे, आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यपशू, त्याला कान्ह्यानंच वाचवलं. १९७० साली तिथे त्याची संख्या अवघ्या ६६ वर आली होती. हा प्राणी गवतावर जगतो. गवताळ माळ आक्रसले की तो संपलाच. मग मोठी कुंपणं घालून आत त्याची पैदास वाढवली, कोअरमधली, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातली, गावं बाहेर वसवली, त्या गावांच्या शेतजमिनींवर पुन्हा गवत उभं राहिलं, आणि आज तो हजाराच्या घरात गेलाय. तुमचे सासरे जो पाहायला निघालेत तो हा बारासिंगा. दोन वर्षांपासून एखादा माणूस एकच गोष्ट मागतोय आणि ती मिळायची सर्वांत चांगली जागा ठाऊक आहे, तर सहलीचा सगळा बेत त्या एका जागेभोवती बांधावा, असं मला मनापासून वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॅराव्हॅनचं बुकिंग शेवटी करायचं, सफारीचं परमिट आधी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. गाडीचे पैसे भरतात, रजा टाकतात आणि मग वन विभागाच्या पोर्टलवर जाऊन पाहतात तर सगळं फुल. नाताळचा आठवडा हा वर्षातला सर्वांत गर्दीचा. तुमची कॅराव्हॅन कितीही मोठी असो, तिला गेटच्या आत प्रवेश नाही. आत फक्त नोंदणी झालेली जिप्सी, म्हणजे उघडी जीप, जाते, सोबत गाइड असतो. म्हणजे जंगल दिसायचं ते त्या परमिटवर. गाडी नुसती तुम्हाला गेटपर्यंत पोहोचवणार.

परमिट काढताना गेट नीट पाहा. खटिया, मुक्की, सरही ही तीन गेटं तीन बाजूंना आहेत. जबलपूरहून येणाऱ्याला खटिया सोयीचं. मुक्की बालाघाटच्या अंगाला आहे, सरही बिछियाजवळ. राहायचं खटियाला आणि परमिट मुक्कीचं, अशी चूक मी एका ओळखीच्या कुटुंबाची पाहिलीय. बाहेरच्या रस्त्यानं तिथवर जायला सहज दीड-दोन तास जातात आणि पहाटेची सफारी कुणासाठी थांबत नाही. ज्या ओळखपत्रावर परमिट काढाल तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं, आजी-आजोबांची आधार कार्डं कपाटात राहू देऊ नका. बुधवारी दुपारची सफारी बंद असते, त्याप्रमाणे दिवस लावा. मोबाइलबाबत गेटवर जो नियम सांगतील तो निमूट पाळा. आणि पोर्टलवर भरलेले पैसे परमिटचे असतात, जिप्सी आणि गाइडचे वेगळे द्यावे लागतात, हे बजेटमध्ये धरा.

जिप्सीत गाइड आणि ड्रायव्हर सोडून सहा प्रवासी बसतात. तुम्ही सात. प्रत्येक वेळी सगळे एकत्र जायचं म्हणालात तर दर खेपेला दोन जिप्स्या लागतील. त्याची गरज नाही. पहाटेची सफारी तुम्ही दोघं, दीर आणि मुलं करा. थंडी, धूळ, धक्के यांची मुलांना मजाच वाटते. दुपारच्या सफारीला आजी-आजोबा, सोबत त्यांचा मुलगा आणि नातवंडांपैकी ज्याला जायचंय ते. त्या वेळी तुम्ही खोलीवर झोपलात तरी चालेल. सासरेबुवांसाठी परमिट कान्हा झोनचंच, म्हणजे जंगलाच्या त्या नावाच्या विभागाचंच, पाहा. तिथे आत मध्यावर थांबायची जागा आहे, स्वच्छतागृह आहे, लहानसं संग्रहालय आहे. चार तास उघड्या जिप्सीत बसलेल्या माणसाला त्या थांब्याचं मोल फार असतं. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना मधल्या रांगेत बसवा. मागची रांग उंच आणि सगळे धक्के तिथेच बसतात.

आता तारखा. नाताळ सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबर-जानेवारीत कान्ह्याच्या मैदानावर पहाटे पारा शून्याजवळ उतरतो, गवतावर पांढरं दहिवर गोठतं आणि जिप्सी उघडी असते. म्हाताऱ्या माणसांना तो वारा सोसत नाही. मला विचाराल तर मुलांच्या परीक्षा झाल्या की मार्चमध्ये निघा. रंगपंचमीची गेर, ती रंगांची मिरवणूक, पाहिल्याशिवाय इंदूर सोडायला तुमच्या घरात कुणी तयार होणार नाहीच, तेव्हा ती झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पळस फुललेला असतो, मोहाची फुलं पडायला लागलेली असतात, सकाळी नुसत्या स्वेटरवर भागतं. गवत वाळून खाली बसलेलं असल्यानं जनावर दिसतंही बरं. उद्यान १ ऑक्टोबर ते ३० जून उघडं असतं, मे महिन्याचा उन्हाळा तुमच्या घरच्यांना झेपणारा नाही. डिसेंबरात एक गोष्ट मात्र मार्चपेक्षा चांगली असते, ती लपवत नाही. तेव्हा बारासिंग्याच्या नरांचा माजाचा हंगाम असतो, ते गवतात शिंगं खुपसतात आणि गवताचा भारा तसाच शिंगांवर घेऊन फिरतात. तो देखावा मार्चमध्ये नसेल. पण सासऱ्यांच्या छातीत थंडी भरण्यापेक्षा ते बरं.

आता गाडीकडे येऊ. इथे मी माझ्या घरातली गोष्ट सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही माझ्या आईला घेऊन असेच निघालो होतो, डिसेंबरात. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी आतले फोटो पाठवले होते : पांढऱ्या गाद्या, पडदे, बेसिन, सगळं छान. दाराचा फोटो कुणी मागितला नाही आणि त्यांनीही पाठवला नाही. गाडी दारात आली तेव्हा पाहिलं, तर पहिली पायरी जमिनीपासून माझ्या गुडघ्याएवढी उंच. बाहेर येणारी घडीची पायरी होती, पण ती अडकलेली. 'ढाब्यावर ठोकून घेऊ' म्हणाले. आम्ही न्हाणीघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल सोबत घेतलं. पहिल्याच संध्याकाळी, ढाब्याच्या अंगणात, खडीवर ते स्टूल एका बाजूला कलंडलं आणि आईचा पाय मुरगळला. हाड मोडलं नाही, पण घोटा नारळासारखा सुजला. कान्ह्यात तीन दिवस ती खोलीच्या खिडकीशी बसून होती. आम्ही सफारीहून आलो की विचारायची, 'काय दिसलं?' आणि आम्ही सांगायचो. तिला नंतर कधी जाणं झालं नाही. म्हणून, ताई, मी एसी किती टनाचा आणि टीव्ही किती इंचांचा हे विचारत नाही. पायरी किती उंच आहे, हे विचारते.

पैसे देण्याआधी सासूबाईंना घेऊन गाडी जिथे उभी असते त्या यार्डात जा. टेप न्या. जमिनीपासून पहिल्या पायरीपर्यंत आठ इंचांपेक्षा जास्त असेल तर जोडपायरी लागेल, आणि ती लोखंडी, रुंद, चार पायांवर घट्ट बसणारी हवी. दाराशी दोन्ही हातांना धरायला दांडा आहे का पाहा. सासूबाईंना तीनदा चढायला-उतरायला लावा, एकदा उतरताना उलट तोंडानं. मग सासऱ्यांना टॉयलेटचं दार आतून लावायला आणि उघडायला सांगा. आत उभं राहता येतं का, वळता येतं का, भिंतीला आधार आहे का, हे त्यांनीच ठरवावं. हे करताना त्यांना संकोच वाटेल. यजमानांना किंवा दिरांना सोबत उभं करा आणि तुम्ही बाजूला व्हा.

नंबर प्लेट पिवळी आहे का बघा. खासगी पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्यानं देणारे भेटतात, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. गाडीचं परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी यांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या. सातही सीटांना पट्टे हवेत. गाडी चालू असताना बर्थवर कुणीही झोपायचं नाही, मुलांनी तर नाहीच. ब्रेक दाबला की बर्थवरचं माणूस थेट खाली येतं.

पाण्याचा हिशेब मुलांकडून करून घ्या, त्यांचं गणितही होईल. समजा टाकी शंभर लिटरची आहे. एका माणसाच्या अंघोळीची बादली पंधरा-वीस लिटरची. पाच अंघोळी झाल्या की टाकी रिकामी, आणि हात धुवायलाही पाणी नाही. म्हणून गाडीत अंघोळ नाही, असा नियम पहिल्याच दिवशी करा. टाकीतलं पाणी टॉयलेट आणि हात धुण्यापुरतं, प्यायचं वेगळ्या कॅनमध्ये. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची मैला साठवणारी पेटी, बहुधा वीसेक लिटरची असते. सात जणांनी दिवसभर वापरली तर रोज रिकामी करावी लागेल. म्हणून गाडीतलं टॉयलेट सासरे, सासूबाई आणि रात्री-अपरात्री मुलं यांच्यासाठी ठेवा. धडधाकट माणसांनी पेट्रोल पंपावरचं किंवा हॉटेलातलं वापरावं.

ही पेटी कुठे रिकामी करणार, हे गाडीवाल्याला स्पष्ट विचारा. 'बघू रस्त्यात कुठेतरी' असं उत्तर आलं तर ती गाडी घेऊ नका. आपण इंदूरचे लोक. ओला-सुका कचरा वेगळा करायला आपल्याला कुणी शिकवायला नको, स्वच्छतेत देशात पहिला नंबर २०१७ पासून वर्षानुवर्षं आपल्याच शहराचा. मग शहराची हद्द ओलांडल्यावर ती सवय सुटू देऊ नका. भोपाळ मागे पडल्यावर तुमचा बहुतेक रस्ता नर्मदेच्या खोऱ्यातून जातो. तिथला प्रत्येक नाला शेवटी मैयाला मिळतो, आणि सुदामानगरच्या नळाला येणारं पाणी जलूदहून वर चढवून आणलेलं नर्मदेचंच आहे. मंडल्याजवळ जे सोडाल ते वाहत आपल्याकडेच येतं. मुक्कामाच्या जागी सेप्टिक टँकचा संडास असतो, तिथे मालकाला विचारून पेटी रिकामी करायची, धुवायची. हे काम दिरांकडे द्या. बेत त्यांचा आहे, तर त्यातलं हे कामही त्यांनी करावं. तरुण आहेत, नीट सांगितलंत तर करतील.

आता किचन. तुमच्या पोटातला गोळा या किचनमुळे आलाय, आणि तो अगदी रास्त आहे. घरातलं स्वयंपाकघर चार चाकांवर चढवलं की घरच्या बाईची सुट्टी संपली. पाच फुटांच्या जागेत, झुकत्या ओट्यावर, सात जणांच्या पोळ्या लाटायच्या, आणि बाकीच्यांनी खुर्च्या टाकून बाहेर बसायचं. मग भांडी. मग परत चहा. तुम्ही हे मनात चित्र रंगवून घाबरलात ते उगाच नाही, होतं तसंच.

तेव्हा हे आधी बोला, आणि एकट्या यजमानांशी नको, सगळे जेवायला बसलेले असताना बोला. रागानं नव्हे. "भाऊजी, गाडीतल्या किचनमध्ये फक्त चहा, दूध आणि बाबांची लापशी होईल. जेवण मुक्कामाच्या ठिकाणी किंवा ढाब्यावर. मलाही जंगल बघायचंय." एवढं पुरे. शेवटचं वाक्य गाळू नका. ते वाक्य घरात कुणी कधी ऐकलेलंच नसतं. सासूबाई बहुतेक तुमच्याच बाजूनं बोलतील, त्यांनी पन्नास वर्षं हेच केलंय. पैशांची गोष्ट निघाली तर सांगा की दोन जंगलं कमी केली, त्यात वाचलेल्या डिझेलमध्ये सगळ्यांची जेवणं निघतात.

पहिल्या दिवसाची शिदोरी मात्र घरची घ्या, ती प्रवासाची चवच असते. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. लसणाची कोरडी चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, मेतकूट, आणि जीरावनची डबी. कुठल्याही ढाब्यावरच्या पोह्यांवर ते भुरभुरलं की मुलं तक्रार करत नाहीत. शिदोरी करतानाही पुऱ्या लाटायला यजमानांना बसवा. गॅस पेटवायचा तो गाडी थांबलेली आणि खिडक्या उघड्या असतानाच. आणि थंडीत निघालातच तर शेगडी किंवा कोळसे गाडीच्या आत कधीही नाही, दार थोडं उघडं ठेवूनसुद्धा नाही. बंद गाडीत त्यातून निघणाऱ्या विषारी वायूनं झोपेतच माणसं जातात.

रस्ता असा धरा. पहिल्या दिवशी सहाला निघून देवास, आष्टा, सीहोर करत भोपाळला वळसा घाला आणि भीमबेटकापाशी थांबा, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर झालेले असतील. बस, त्या दिवशी एवढंच. ओबेदुल्लागंज किंवा भोपाळलाच मुक्काम करा. भीमबेटका मुलांना जरूर दाखवा. ही चित्रं असलेली शैलाश्रयांची रांग १९५७ साली जगासमोर आणली ती आपल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी, नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला काम केलेल्या माळव्यातल्या मराठी माणसानं. रेल्वेच्या डब्यातून त्यांना ते खडक दिसले आणि ते तिथे चालत गेले. २००३ मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. त्या भिंतींवर हरणं आहेत, शिकारी आहेत, रानडुकरं आहेत. जंगलात शिरायच्या आधी हे पाहून झालं तर मुलांचे डोळे तयार होतात. पहिले काही शैलाश्रय वाहनतळापासून जवळ आहेत, सासूबाई तेवढे पाहून बाकावर बसू शकतात.

दुसऱ्या दिवशी बरेली, उदयपुरा असं करत भेडाघाट. तिथेच मुक्काम. धुंवाधार धबधबा संध्याकाळी पाहा, नौकाविहार दुसऱ्या सकाळी लवकर. तिसऱ्या दिवशी जबलपूर सोडल्यावर मंडल्याच्या रस्त्यावर बरेला लागतं. १५६४ साली राणी दुर्गावती मोगल फौजेशी लढताना जिथे पडली तो नर्रई नाला तिथूनच जवळ. अहिल्याबाईंच्या इंदूरच्या मुलांनी ही दुसरी राणीही ओळखावी, असं मला वाटतं, पाच मिनिटं थांबा. दुपारच्या जेवणाला खटियाला पोहोचा. उजेड असतानाच पोहोचायचं, जंगलालगतच्या रस्त्यावर अंधारात गाडी घालायची नाही. चितळ कधी आडवं येईल सांगता येत नाही आणि कॅराव्हॅन पटकन थांबत नाही.

खटियाला तीन रात्री राहा. सातांना चार बर्थ, म्हणजे गाडीत सगळे झोपणार नाहीतच. सासू-सासऱ्यांना खोली घ्या, खाटेवरची झोप त्यांना हवी. मुलांना आणि दिरांना गाडीत झोपायचं असेल तर झोपू द्या, त्यांची हौस भागेल. खोली ठरवताना तीनच प्रश्न विचारा : आवारात गाडी सपाट जागेवर उभी राहील का, सोळा अँपियरचा प्लग मिळेल का, फांद्या आणि तारा किती उंचीवर आहेत. जनरेटर रात्रभर चालवायचा नाही. तिथली रात्र ऐकायची असते, चितळाची हाक ऐकू आली तर मुलांना उठवा.

आणि ड्रायव्हरदादा. पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. सात जणांची झोप, जेवण, औषधं सगळं ठरतं आणि जो माणूस गाडी चालवणार तो पुढच्या सीटवर पाय दुमडून, डास मारत रात्र काढतो. सकाळी त्याच्या हातात तुमचं सगळं घर असतं. त्याला रोज खोली आणि सहा-सात तासांची झोप, हे भाड्याच्या बोलीतच लिहून घ्या. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या वर नको म्हणते, त्यातलं अर्धं कारण हे आहे.

असं मांडलंत तर जायला-यायला तीन-तीन दिवस आणि मध्ये खटियाला पूर्ण दोन दिवस, म्हणजे आठ दिवस होतात. यजमानांना दोन दिवस रजा वाढवून मिळत नसेल, तर दुसरा मार्ग सांगते. तुम्ही सगळ्यांनी इंदूरहून जबलपूरची रात्रीची ओव्हरनाइट एक्स्प्रेस घ्यायची आणि कॅराव्हॅन जबलपूरहून पुढेच ठरवायची. भीमबेटका राहून जाईल, पण सासऱ्यांची ताकद वाचेल. रेल्वेतही टॉयलेट आहेच.

वाघ दिसला नाही तर मुलं हिरमुसतील, अशी काळजी तुम्ही शेवटी लिहिली आहे. निघायच्या आधीच आजोबांना मुलांजवळ बसवून बारासिंग्याची ती ६६ पासूनची गोष्ट सांगायला लावा. मग गाडीत बसल्यापासून मुलं आजोबांसाठी बारासिंगा शोधत राहतील, आणि कान्ह्याच्या मैदानावर तो दिसतोच. वाघ दिसला तर वर आणखी.

या रविवारी दिरांना फोन करून ते इंदूरला कधी येणार ते विचारा, आणि ते आले की सासूबाईंना घेऊन यार्डात जा. पायरी किती इंच भरली ते मला कळवा.

तुमची,
सदरलेखिका